ब्लेडच्या तळ्यात दोघांनी होडी घेऊन दिवस घालवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की लग्नाला दहा वर्षं होतायत, जूनमध्ये चार दिवस स्लोव्हेनियात आहोत, त्यातला एक दिवस ब्लेडच्या तळ्यावर निवांत होडीत घालवायचाय, पण दोघांपैकी कुणीच कधी वल्हं हातात धरलेलं नाही, मला पोहता येतं पण नवऱ्याला येत नाही, तर स्वतः होडी घ्यावी का तिथल्या नावाड्याबरोबर जावं? आणि बुकिंग करून देणारे म्हणतात ब्लेडला दोन तास पुष्कळ झाले, ते खरं का?

आधी शेवटचं सांगते. दोन तासात ब्लेड बघून होतं हे खरंच आहे, बस थांबते, काठावरून तळ्यातल्या बेटाचा फोटो काढायचा, वर किल्ल्यावर जाऊन यायचं, केक खायचा आणि निघायचं, मी स्वतः ग्रुप घेऊन कितीतरी वेळा असंच केलंय कारण पुढचा मुक्काम गाठायचा असतो. पण तुम्ही विचारताय ते ब्लेड बघण्याबद्दल नाही, दोघांनी तळ्यात दिवस घालवण्याबद्दल आहे, आणि त्याला अख्खा दिवस लागतो. माझं मत विचाराल तर त्या चार दिवसांतली एक रात्रसुद्धा तिथेच काढा, त्याचं कारण पुढे येईलच.

माझं सांगायचं तर मी कॉलेजच्या बोट क्लबात चार वर्षं रोइंग केलं आणि नंतर सतरा वर्षं टूर लीडर म्हणून युरोपात हिंडले, त्यामुळे नवशिक्या जोडप्यांना होडीत बसवून काठावरून सूचना ओरडायचं काम मी भरपूर केलंय. त्या सगळ्यावरून सांगते की स्वतःची होडी घ्या. पोहता न येणं हे न जाण्याचं कारण नाही, लाइफ जॅकेट घालण्याचं कारण आहे. होडी ठरवतानाच मागून घ्यायचं आणि काठावरच घालून सगळे पट्टे आवळायचे. ते होडीत शेजारी ठेवून काही उपयोग नसतो, पाण्यात पडल्यावर ते कुणालाच घालता येत नाही. ज्या ठिकाणी जॅकेट मिळणार नाही तिथून होडी घेऊ नका, दुसऱ्या धक्क्यावर जा, भाड्याच्या होड्या तळ्याभोवती एकापेक्षा जास्त ठिकाणी मिळतात.

ब्लेड हे नवशिक्यांसाठी मला इतकं आवडतं त्याला कारणं आहेत. एक तर तळं छोटं आहे, लांबी २,१२० मीटर आणि रुंदी जास्तीत जास्त १,३८० मीटर, म्हणजे कुठेही असलात तरी काठ डोळ्यासमोर असतो (खोली मात्र मधे ३० मीटरच्या आसपास आहे, ते विसरू नका). दुसरं म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या होड्यांना तिथे बंदी आहे. याचा अर्थ फक्त शांतता एवढाच नाही, वल्हवणाऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की शेजारून भरधाव जाणाऱ्या स्पीडबोटीच्या लाटा तुमच्या होडीच्या कुशीवर येऊन आदळत नाहीत, आणि मोठ्या तळ्यांवर नवशिके घाबरतात ते बहुतेक त्या लाटांनाच. इथे मधोमध थांबलात तर वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी ऐकू येतं. आणि रोइंगवाल्यांसाठी तर हे तळं फार जिव्हाळ्याचं, शर्यतीचा २,००० मीटरचा ट्रॅक त्या २,१२० मीटरमध्ये जेमतेम बसतो, तरी १९६६, १९७९, १९८९ आणि २०११ अशा चार जागतिक स्पर्धा तिथे झाल्या, आणि स्वतंत्र स्लोव्हेनियाचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्णपदक, सिडनी २००० चं, ते इझ्तोक चोप आणि लुका श्पिक या जोडीनं डबल स्कल्समध्ये, म्हणजे दोघांच्या होडीतच मिळवलं. पश्चिमेच्या झाका भागात सराव चालू असेल तर थोडा वेळ होडी थांबवून बघाच, फक्त त्यांच्या रांगांमध्ये शिरू नका, ते पाठमोरे येत असतात आणि वेग प्रचंड असतो.

आता पाठमोरे म्हटलं त्यावरूनच मुख्य गोष्टीकडे येते.

साध्या वल्ह्याच्या होडीत वल्हवणारा माणूस जिकडे जायचंय तिकडे पाठ करून बसतो. समोर बसलेल्याला पुढचं सगळं दिसतं, बेट, हंस, दुसऱ्या होड्या, पोहणारी माणसं. वल्हवणाऱ्याला दिसतो तो मागे पडत चाललेला काठ आणि समोरचा आपला माणूस. म्हणजे ताकद एकाकडे आणि नजर दुसऱ्याकडे. नवीन जोडप्यांची पहिल्या दहा मिनिटात चिडचिड होते ती बहुतेक याच जागी होते. समोरची व्यक्ती सांगते "डावीकडे घे", आता दोघं एकमेकांकडे तोंड करून बसलेत, तेव्हा डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? शिवाय डावीकडे वळ म्हणतेय का डावं वल्हं मार म्हणतेय? या दोन्ही तर बरोब्बर उलट्या गोष्टी आहेत, त्यामुळे होडी जागच्या जागी फिरत राहते, दोघंही एकमेकांना सांगतात की मी बरोबरच सांगत होते आणि मी बरोबरच करत होतो, आणि दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून होडीत डावं-उजवं हे शब्द बंद. ब्लेडला त्याची सोय निसर्गानंच करून ठेवलीये, उत्तर काठाला १३० मीटर उंच कड्यावर किल्ला आहे, तो तळ्यावरून कुठूनही दिसतो, आणि दक्षिण काठाला म्लिनो गाव. तेव्हा समोर बसलेल्यानं फक्त "किल्ल्याकडे" किंवा "गावाकडे" एवढंच म्हणायचं. कुठलं वल्हं ओढायचं ते वल्हवणाऱ्यानं ठरवायचं, त्यात समोरच्यानं पडायचं नाही. वल्हवणाऱ्यासाठी नियम सोपा आहे, ज्या बाजूला वळायचंय त्याच्या विरुद्ध बाजूचं वल्हं जोरात ओढायचं. किल्ल्याकडे वळायचं तर गावाकडचं वल्हं. पटकन जागेवर वळायचं असेल तर एक वल्हं ओढायचं आणि दुसरं ढकलायचं. आणि "थांब" हा शब्द आधीच ठरवून ठेवा, तो ऐकला की वाद न घालता दोन्ही पाती पाण्यात उभी धरून ठेवायची, होडी चार-पाच सेकंदात मंदावते. जूनपासून लोक तळ्यात लांबवर पोहतात, उभ्यानं वल्हवायचे बोर्ड घेऊन फिरणारे असतात, त्यामुळे समोर बसलेल्याचं काम आरामाचं नाहीये, तो या होडीचा डोळा आहे. फोनमध्ये डोकं घालून बसायचं असेल तर आधी होडी थांबवायची, मग फोटो काढायचे.

सरळ जायचं कसं हे पण सांगते कारण नवशिके वीस मिनिटांच्या अंतराला नागमोडी जाऊन चाळीस मिनिटं लावतात. वल्हवणाऱ्यानं सतत मान वळवून पुढे बघायचं नाही. निघाल्यावर होडी बेटाच्या दिशेला नीट लावून घ्यायची आणि मग मागच्या काठावर दोन खुणा पकडायच्या, एक जवळची, एक लांबची, एकामागे एक दिसणाऱ्या, म्हणजे धक्क्याचा एखादा खांब आणि त्याच्या बरोब्बर मागचं एखादं घर किंवा झाड. दोन्ही खुणा एका रेषेत दिसतायत तोवर तुम्ही सरळ जाताय, एकमेकींपासून सुटायला लागल्या की वाहवत चाललात. या खुणा तुम्हाला नवऱ्याच्या खांद्यावरूनच दिसणार, म्हणजे नजर बऱ्यापैकी त्याच्याकडेच राहील.

वल्हवण्याचं तंत्र फार नाही. बाकाच्या मधोमध बसा, पाय पुढच्या फळीला टेकवा, हात सरळ पुढे न्या, पातं पाण्यात जेमतेम बुडेल एवढंच घाला आणि कमरेतून मागे झुकत ओढा, जोर पाठीचा आणि पायांचा, दंडांचा नाही. सगळ्यांची एकच चूक होते, पातं खोल घालतात, मग ते पाण्यात अडकतं, होडी पुढे जाते आणि मूठ पोटात येऊन लागते. असं झालं तर घाबरून उभं राहू नका, मूठ सोडा, होडी थांबू द्या, परत पकडा. काही होड्यांत दोन्ही मुठी मधे एकमेकींवर येतात, तेव्हा एक हात दुसऱ्याच्या किंचित वर ठेवायचा नाहीतर बोटं सोलतात. पकड सैल ठेवा, पाच-दहा मिनिटं वल्हवा, मग वल्ही आत घेऊन ठेवा आणि तरंगत राहा. तुम्ही दमण्यासाठी चाललेला नाही आहात.

कोण वल्हवणार? तुम्ही गृहीत धरलेलं दिसतंय की नवरा वल्हवेल आणि त्याला पोहता येत नाही म्हणून काळजी वाटतेय. मी म्हणेन सुरुवात तुम्ही करा. पाण्याची ज्याला सवय आहे त्यानं पहिली वीस मिनिटं वल्हवायची, दुसऱ्याला होडीच्या डुलण्याची सवय होऊ द्यायची, मग बेटावर पोचल्यावर जागा बदलायच्या. पाण्यात असताना जागा बदलू नका, प्लीज. नवशिके पाण्यात पडतात ते बहुतेक याच वेळी, दोघं एकदम उठतात, दोघं एकाच बाजूला झुकतात. अगदीच बदलावी लागली तर एकानं तळाशी मधोमध बसकण मारायची, दुसऱ्यानं वाकून, दोन्ही कडा हातानं धरून, मधल्या रेषेवरूनच सरकायचं, आणि एका वेळी एकच माणूस हलणार. आणि कधी उलटलीच होडी तर ती सोडून काठाकडे पोहत जायचं नाही, तुम्हाला पोहता येत असलं तरीही नाही. लाकडी होडी पाणी भरलं तरी तरंगत राहते, तिला धरून दोघांनी एकत्र राहायचं आणि हात हलवून मदत मागायची.

वेळ सकाळची घ्या. मी राहायला सांगते ते यासाठीच. दिवसाच्या सहलींच्या बसेस यायला लागल्या की काठ भरतो, त्याच्या आधी तळं जवळजवळ रिकामं असतं, वारा नसतो, नवशिक्याचं चुकलेलं वल्हंसुद्धा चालून जातं. होडी देणारे नेमके किती वाजता उघडतात ते आदल्या संध्याकाळी चालत जाऊन विचारून ठेवा. आणि दुपारनंतर आकाशावर लक्ष ठेवा, हे मी अनुभवानं सांगते. आल्प्सच्या या भागात उन्हाळ्यात दुपारी ढग जमून गडगडाट होणं नेहमीचं आहे. एकदा मी एका जोडप्याबरोबर तीन वाजता होडीत होते, डोंगराच्या मागून काळा ढग वर येताना मला दिसला आणि मला वाटलं पंधरा मिनिटांचं तर अंतर, पोचू आरामात. वारा समोरून सुटला आणि त्या पंधरा मिनिटांना पाऊण तास लागला, हातांना फोड आले, त्या बाई रडकुंडीला आल्या होत्या, आणि शेवटी आम्ही आमच्या धक्क्याला नाही तर जो काठ जवळ मिळाला तिथे लागलो. ढग दिसताच मी निघायला हवं होतं, चूक पूर्णपणे माझी होती, आणि तेव्हापासून माझा नियम आहे की पहिला गडगडाट ऐकला की सगळ्यात जवळचा काठ, आपला असो वा नसो. वारा थोडा असेल तेव्हा जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, परतताना दमलेले असता तेव्हा तो मागून ढकलेल.

निघायचं म्लिनोच्या बाजूनं, बेट तिथून जवळ पडतं, नवशिक्या जोडीला सावकाश वीसेक मिनिटं. बेटाला लागताना एक गोष्ट सांभाळा, पायऱ्यांखालची जागा तिथल्या पारंपरिक होड्यांची असते, ती अडवू नका, भाड्याच्या होड्यांनी कुठे लागायचं ते होडी देणाऱ्याकडून आधीच विचारून घ्या. बांधायला दोर होडीतच असतो, साधी गाठ चालते पण दोनदा तपासा. मौल्यवान काही होडीत ठेवू नका.

बेटावर ९९ पायऱ्या आहेत, आणि तिथे लग्न करणाऱ्या नवऱ्यानं नवरीला उचलून त्या चढायच्या आणि नवरीनं तोवर अवाक्षर काढायचं नाही अशी प्रथा आहे. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला तुमच्याही मनात हे आलं असेल. वल्हवून आल्याआल्या करू नका, पाठ आणि गुडघे आधीच ताणलेले असतात आणि दगडी पायऱ्या ओल्या असू शकतात. हातात हात घालून चढा. वर मेरीचं चर्च आहे आणि त्यात इच्छापूर्तीची घंटा, आतमध्ये जायला वेगळं तिकीट लागतं. तिची गोष्ट माहिती असेल तर दोर ओढताना वेगळं वाटतं. किल्ल्यावर पोलिक्सेना नावाची तरुण विधवा राहत होती, नवऱ्याला लुटारूंनी मारून तळ्यात टाकलं, तिनं होतं नव्हतं ते सोनं-चांदी वितळवून बेटावरच्या चर्चसाठी घंटा ओतून घेतली, पण ती नेणारी होडी वादळात बुडाली आणि घंटा तळाला गेली. पोलिक्सेना मग सगळं विकून रोमला गेली, जोगीण झाली, आणि तिच्या मृत्यूनंतर पोपनं नवी घंटा पाठवली. ही झाली दंतकथा, पण आज आहे ती घंटा खरोखरच १५३४ ची, इटलीत पादुआला ओतलेली. तीन वेळा वाजली की इच्छा पूर्ण होते म्हणतात. दोर जोरात हिसडू नका, लय पकडून ओढा, वल्ह्यासारखंच आहे ते.

आता त्या पारंपरिक होड्यांबद्दल. त्यांना प्लेत्ना म्हणतात, सपाट तळाची, वर रंगीत छत असलेली, वीसेक माणसं बसतील एवढी होडी, आणि मागे उभा राहून एकटा माणूस दोन वल्ह्यांनी ती चालवतो, तोंड पुढे करून. तो प्लेत्नार. हे काम म्लिनोतल्या घराण्यांमध्ये वडिलोपार्जित चालत आलंय, ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या काळात, १८ व्या शतकात, त्यांना भाविकांची ने-आण करायचा हक्क मिळाला होता. त्यांचं उभं राहून वल्हवणं बघताना माझ्यासारखीला अजूनही शिकायला मिळतं, पायांची जागा बघा, अंगाचं वजन कसं पुढे टाकतात ते बघा. पाठीचं किंवा खांद्याचं दुखणं असेल, हवा खराब असेल, नाहीतर सकाळी उठून नवऱ्याला भीती वाटतेय असं दिसलं, तर बिनधास्त प्लेत्ना घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त ती भरल्यावर निघते, बेटावर ठरलेला वेळच थांबते, आणि दोघांचं असं बोलणं त्यात होत नाही. म्हणून माझी पसंती स्वतःच्या होडीला.

बरोबर काय घ्यायचं, टोपी (पाण्यावरून परतणारं ऊन हनुवटीखालून भाजतं, सनस्क्रीन तिथेही लावा), प्यायचं पाणी, एक पातळ जॅकेट, फोनला झिपवाली पिशवी, सपाट तळव्याचे बूट. ब्रेड, चीज, चेरी असं काहीतरी गावातून घेऊन जा आणि बेटाच्या मागच्या सावलीत होडी थांबवून खा, कचरा परत आणा, हंसांना खायला घालू नका.

होडी तासावर मिळते, दोन तास पुरतात, तीन झाले तर हात बोलायला लागतात. पैसे युरोत. परत आल्यावर दुपार मोकळी ठेवा. किल्ल्याखालच्या घाटावर तुम्ही पोहा, नवरा काठावर पाय सोडून बसू दे. मग केक, त्याला क्रेमश्निता म्हणतात, कस्टर्ड आणि क्रीमचा चौकोन, सात सेंटीमीटर लांब-रुंद-उंच, १९५३ पासून पार्क हॉटेलात बनतो, दोघांत एक पुरतो पण तुम्ही दोन घ्याल. विंतगारची घळ चार किलोमीटरवर आहे, छान आहे, पण त्याच दिवशी कोंबू नका. दुसरा दिवस हाताशी असेल तर बोहिंयला जा, तासाभराच्या आत बस पोचवते, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानातलं तळं, ब्लेडपेक्षा बरंच मोठं आणि जास्त मोकळं, पण तिथे वारा लागतो म्हणून आधी ब्लेडला हात बसवून मग तिकडे.

राजधानी ल्युब्ल्यानाहून ब्लेड ५५ किलोमीटर. बसनं या, ती गावात सोडते. रेल्वेनं आलात तर लेस्त्से-ब्लेड स्टेशन चार किलोमीटर लांब पडतं, तिथून पुन्हा बस बघावी लागते. रात्री राहिलात तर जेवणानंतर तळ्याभोवती सहा किलोमीटरचा सपाट रस्ता आहे, अख्खा चालायची गरज नाही, म्लिनोपर्यंत जा, तुमची सकाळची होडी धक्क्याला बांधलेली दिसेल आणि वर किल्ल्यावर दिवे लागलेले असतील.